नावं खरवडणारे मामा

आमच्या मामांना या जगात आजवर कुणीही काहीही विकू शकलेलं नाही. म्हणजे त्यांनी वस्तू घेतल्या नाहीत असं नाही. चारचौघांसारखा संसार केला, घर बांधलं, मुलगा शिकवून बेंगळुरूला पाठवला. पण प्रत्येक वस्तू त्यांनी स्वतःच्या मर्जीने, दुकानदाराशी भांडून आणि तिचं नाव तोंडातून न काढता घेतली. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. निपाणीच्या बाहेर, हायवेच्या अंगाला, शेताला लागून त्यांचं माडीचं घर आहे. पूर्वी तंबाखूची वखार होती, ती कधीच मोडली. आता त्यांच्याकडे दोनच गोष्टी उरल्या आहेत, शेती आणि राग. पैकी शेती वाट्याने दिली आहे. राग मात्र ते स्वतः कसतात.

हा राग सगळा जाहिरातींवर आहे. सरकारवर, पावसावर, सुनेवर रागावणारी म्हातारी माणसं घरोघर असतात, पण मामांचा राग इकडेतिकडे सांडत नाही. एकदा मी त्यांना भीतभीत म्हणालो, "मामा, जाहिरातच ती. बघायची आणि सोडून द्यायची." त्यांनी हातातली पानाची चंची बाजूला ठेवली. "असं? उद्या एक परका माणूस तुझ्या उंबऱ्यात आला आणि म्हणाला, तुझ्या बायकोचा रंग काळा हाय, तुझ्या तोंडाला वास मारतोय, आणि तुझं पोरगं उंचीला कमी पडलंय. काय करशील? पायतान काढशील का न्हाई?" मी म्हणालो, काढीन. "मग तेच टीव्हीतनं सांगितलं तर मांडी घालून ऐकत कसा बसतोस रं?"

मामांच्या घरी सकाळची सुरुवात कात्रीने होते. वर्तमानपत्र आलं की ते ओसरीवर मांडी घालतात आणि आधी सगळ्या जाहिराती कापून काढतात, मग उरेल ते वाचतात. पहिल्या पानाची पानभर जाहिरात असली तर ते पानच्या पान चुलीत जातं. आता कागदाला पाठपोट दोन बाजू असतात याला मामांचा इलाज नाही. त्यामुळे पुढच्या बाजूची सोन्याची पेढी कापली की मागच्या बाजूचा एखादा मंत्री कमरेपासून खाली नाहीसा होतो. आत्या हिंडतीफिरती होती तेव्हा तो जाळीदार पेपर हातात धरून त्याच्या भोकांतून मामांकडे बघायची आणि म्हणायची, "आज लई मोठी बातमी दिसतीया." पेपरच्या घडीतून जी रंगीत पत्रकं पडतात ती मात्र मामा फाडत नाहीत. ती नीट घडी करून खिशात घालतात आणि ज्याची असतील त्याच्या दारात नेऊन देतात. क्लासवाल्याच्या टेबलावर पत्रक ठेवून म्हणतात, "हे तुमचं आमच्या घरात पडलं हुतं. जपून ठेवत जावा." क्लासवाला पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा गोंधळला आणि तिसऱ्यांदा त्याने लांबूनच मामांना बघून शटर ओढलं.

आंघोळीच्या साबणावर कंपनीचं नाव कोरलेलं असतं. तुम्ही-आम्ही ते अंगाला फासतो आणि चार दिवसांत ते झिजून जातं. मामांना ते चार दिवससुद्धा सोसत नाहीत. नवी वडी आणली की ते परसातल्या धुण्याच्या दगडावर ती घासतात, नाव पुसेपर्यंत. "अंगाला लावायचं ते नाव देवाचं," म्हणतात, "ह्यांचं कशाला?" छत्री, पिशवी, पंखा, पाण्याची टाकी, जिथे जिथे अक्षरं होती तिथे आता खरवडलेलं आहे. बेळगावहून माझा मुलगा छातीवर भलंमोठं परदेशी नाव छापलेला शर्ट घालून गेला तेव्हा मामांनी त्याला जवळ बसवून मायेनं विचारलं, "ही कंपनी पगार किती देतीया रं?" तो म्हणाला, कंपनी कसला पगार देते, उलट शर्ट महाग आहे. मामांनी त्याच्या छातीवरचं नाव बोट फिरवून वाचलं. मग आत्याला हाक मारून म्हणाले, "अगं, ह्याला आधी जेवायला वाढ. पोरगं पदरचं पैसं घालून पाटी झालंय."

टीव्ही त्यांनी घेतला तो आत्यासाठी. आत्याची मालिका चालायची आणि मध्ये जाहिरात आली की मामा उठून आवाज बंद करायचे आणि टीव्हीवर आत्याचं जुनं इरकली लुगडं टाकायचे. यात एक अडचण होती. जाहिरात संपली की नाही हे बघायला लुगडं उचलावं लागे आणि उचललं की जाहिरात दिसे. म्हणून घरात जो पाहुणा असेल त्याच्यावर लुगड्याखाली डोकं घालून बघायची कामगिरी यायची. मी ती पुष्कळदा केली आहे. आत बसून मी सगळ्या जाहिराती पाहायचो आणि बाहेर येऊन "अजून न्हाई संपली" म्हणून सांगायचो. कर्ज घ्या म्हणून फोन करणाऱ्या मुलींवर मात्र त्यांनी कधी आवाज चढवला नाही. पलीकडची मुलगी कन्नडमध्ये बोलू लागली की मामाही कन्नडमध्ये "ऊट आयता तंगी?" म्हणून तिच्या जेवणाची चौकशी करत. मग तिचं गाव, तिच्या घरची माणसं, कुठवर शिकली, लग्न ठरलं का. एक मुलगी चिकोडीजवळची निघाली आणि तिच्या आजोळचे लोक मामांच्या ओळखीचे निघाले. शेवटी तीच घाबरून फोन ठेवायची. "राग कंपनीवर," मामा म्हणत, "लेकराचा काय गुन्हा?"

मामांच्या एका पुतणीच्या लग्नात कार्यालयवाल्याने स्टेजमागे भिंतीएवढा पडदा लावला होता. त्यावर नवरानवरीचे चेहरे आणि खाली दागिन्यांच्या दुकानाचं नाव. मंगलाष्टकाचं एक कडवं संपलं की दुसरं सुरू होईपर्यंत त्या दुकानाची बाई बांगड्या नाचवत पडद्यावर यायची. मामा अक्षता मुठीत घेऊन स्टेजवर चढले, आपली काळी छत्री उघडली आणि पडद्यासमोर आडवी धरून शेवटच्या कडव्यापर्यंत उभे राहिले. लोकांना वाटलं, आमच्या जैनांतला एखादा जुना विधी असेल. अल्बममध्ये प्रत्येक फोटोत वधूवरांच्या मागे छत्री आहे.

पण त्यांची खरी फजिती झाली ती बसथांब्यावर. थांब्याच्या भिंतीवर कुणीतरी बनियनची जाहिरात रंगवून घेतली होती. मामांनी बादलीत चुना कालवला आणि भरदुपारी ती भिंत पांढरी करून टाकली. जाहिरात होती कन्नडमध्ये. दुसऱ्या दिवशी मराठीचा अभिमान बाळगणारे तरुण शाल आणि नारळ घेऊन ओसरीवर हजर! मामा चक्रावले. "कानडी हुती व्हय? मी वाचलीच न्हाई. मला बनियन दिसलं." पुढच्या आठवड्यात त्यांनी थांब्याची दुसरी भिंत पांढरी केली. तिथली शिकवणीची जाहिरात मराठीत होती. लगेच कन्नडचा अभिमान बाळगणारी मंडळी डोक्यावर बांधायचा म्हैसुरी पेठा आणि हार घेऊन आली. मामांनी दोघांनाही चहा पाजून हात जोडून परत पाठवलं. तरी चौकात त्यांचा फोटो असलेला फ्लेक्स लागलाच, आणि फोटोखाली शुभेच्छुक म्हणून मटणाच्या खानावळीचं नाव. जन्मभर कांदासुद्धा न खाल्लेले मामा त्या दिवशी स्वतःच शिडीवर चढले आणि स्वतःचा फोटो फाडून खाली उतरले.

हे वाचून हसणाऱ्यांना मी सांगतो, मामांचं डोकं फिरलेलं नाही. दर रविवारी मी बेळगावहून निपाणीला जातो तेव्हा माझ्या बसच्या खिडकीवर बाहेरून जाहिरात डकवलेली असते. तिच्या बारीक भोकांतून मला माझाच मुलूख चाळणीतून पाहिल्यासारखा दिसतो. तिकीट माझं, खिडकी माझी, डोळे माझे, आणि त्यांचं भाडं कुणी कुणाला दिलं? बेळगावच्या खडेबाजारात मान वर केली तर आभाळ दिसायच्या आधी चार हसरे चेहरे दिसतात आणि प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी हवं असतं. इस्पितळात रांगेत बसलो तर समोर टीव्ही. वडील गेल्याच्या तिसऱ्या दिवशी फोनवर निरोप आला की तुमच्या प्रियजनांसाठी खास सवलत. मला विचाराल तर मामा फार सौम्य माणूस आहे. मी असतो तर चुना वापरला नसता, कुदळ वापरली असती.

आता त्या बोर्डाची गोष्ट. आत्याला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. माडीवरच्या खोलीत, दक्षिणेच्या खिडकीशी तिचा पलंग लावला. त्या खिडकीतून आधी शेत, मग हायवे आणि त्यापलीकडे तवंदीचा डोंगर दिसायचा. सगळं आयुष्य शेतात आणि बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, चालत गेलेल्या बाईला जग म्हणून ती एक खिडकी उरली. डोंगरावर ढग उतरला की ती डाव्या हाताने मामांना खूण करायची आणि मामा वाटेकऱ्याला ओरडून सांगायचे की पाऊस येतोय, पोती आत घ्या. आणि नेमका त्याच खिडकीसमोर, शेजारच्या अण्णांच्या रानात, लोखंडी खांबांवर दुमजली बोर्ड उभा राहिला. कोल्हापूरकडून येणाऱ्या गाड्यांना दिसावा म्हणून त्याचं तोंड उत्तरेला, म्हणजे थेट आत्याच्या पलंगाकडे. साड्यांच्या दुकानाची जाहिरात होती. काठपदराची साडी नेसलेली एक तरुण बाई, पदर खांद्यावरून पुढे घेऊन, तोंडभरून हसत होती. डोंगर तिच्या डोक्यामागे कुठेतरी गेला.

अण्णा म्हणजे मामांचे लहानपणापासूनचे सोबती. रोज सकाळी दोघे बरोबर बस्तीत जायचे. मामा त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. "अण्णा, तो बोर्ड काढ."

"मर्दा, पोरांनी करार केलाय. माझ्या रानात हाय, तुझ्या रानात न्हाय."

"रान तुझं. डोंगर तुझा हाय व्हय? तिच्या डोळ्यापुढचा उजेड तुझा हाय?"

"तिला पडदा लाव की खिडकीला."

हे अण्णा रागाच्या भरात बोलून गेले असतील, पण मामांना ते वर्मी लागलं. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. बस्तीत मामा खांबाच्या या बाजूला आणि अण्णा त्या बाजूला. मामांनी मग एकेक उपाय सुरू केले. वाटेकऱ्याकडून केळीचे खुंट आणून खिडकीखाली लावले, पण ते माडीपर्यंत वाढेनात. मग न्हाव्याकडून एक मोठा आरसा आणला आणि बाजूच्या खिडकीत तिरका बांधला, म्हणजे आत्याला आरशात डोंगर दिसेल. डोंगर दिसायचा, पण उलटा-सुलटा, आणि सकाळी उन्हाची तिरीप थेट आत्याच्या डोळ्यांत. मामा रोज तास-तासभर शिडीवर उभे राहून सुतळीने आरसा इकडे तिकडे करत आणि विचारत, "आता दिसतोय का?" आत्या आरशाकडे क्षणभर बघायची आणि मान पुन्हा खिडकीकडे वळवायची. "मान दुखतीया तिची," मामा मला सांगत. "त्या बोर्डापायी माझ्या बायकोची मान मोडायची येळ आलीया." आणि खाली येऊन ते कंपनीला, साडीला, त्या बाईला आणि तिच्या हसण्याला अशा शिव्या देत की मीही त्यांत दोन-चार घालायचो. तिला काय बघायला आवडतं ते मात्र त्यांनी आत्याला कधी विचारलं नाही. तिला बोलायला त्रास होतो म्हणून तिच्या वाटचं सगळं तेच बोलत.

भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी आमच्यात लहानथोर घरोघर जाऊन हात जोडतात, वर्षभरात कळत नकळत जे चुकलं असेल त्याची क्षमा मागतात आणि देतात. कोर्टात एकमेकांविरुद्ध उभी असलेली माणसंसुद्धा त्या दिवशी नाही म्हणत नाहीत. मी मामांच्या ओसरीवर बसलो होतो. गल्लीतली चार-सहा माणसं होती. अण्णा पांढरं धोतर नेसून आले, पायरीवर उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "वर्षभरात काय चुकलं माकलं असंल तर उत्तम क्षमा."

मामा उठले. त्यांनीही हात जोडले. मग मामा म्हणाले, "अण्णा, नुसतं तोंडानं म्हणायला मला जड न्हाई. पर ते खोटं हुईल. आजच्या दिशी तरी खोटं बोलू व्हय? तो बोर्ड दिसला की मला तुझा राग येतोय. आता बी येतोय. तो हाय तवर माझ्याच्यानं क्षमा हुईत न्हाई. मलाच तू क्षमा कर."

असलं काही कुणी ऐकलं नव्हतं. अण्णांचे हात तसेच जोडलेले राहिले. एक म्हातारे गृहस्थ "अरे, असं न्हाई करू" म्हणाले आणि मामांनी त्यांच्याही पाया पडून नाहीच म्हटलं. अण्णा परत गेले. जाताना त्यांनी बोर्डाकडे मान वर करून पाहिलं, ते मी पाहिलं. नंतर गल्लीत जो तो मामांना नावं ठेवत होता, पण अण्णांनी घरात मुलांना समोर बसवलं आणि सांगितलं की मी मरायच्या आधी मला ह्या माणसाची क्षमा पाहिजे, बोर्डाचं तुम्ही बघा. कराराची मुदत संपेपर्यंत मुलं थांबली आणि मग त्यांनी कंपनीला नको म्हणून सांगितलं. क्रेन येऊन तो सांगाडा उतरवून घेऊन गेली त्या रविवारी मी निपाणीतच होतो. मामा पायांत काही न घालता रानातून धावत गेले आणि अण्णांना त्यांनी मिठीच मारली. दोन म्हातारे सोयाबीनमध्ये उभे राहून एकमेकांना उत्तम क्षमा, उत्तम क्षमा म्हणत होते आणि क्रेनवाला त्यांना बाजूला व्हायला सांगत होता.

तिथून मामा तसेच चिखलाच्या पायांनी माडीवर आले. मी मागोमाग होतो. खिडकीत डोंगर उभा होता, हिरवा, सगळाच्या सगळा. "बघ," मामा म्हणाले. "बघ, आला का न्हाई तुझा डोंगर?"

आत्याने डोंगर पाहिला. मग तिने डावा हात उचलला आणि जड जिभेने विचारलं, "ती कुठं गेली?"

"कोण?"

"ती. साडीवाली."

"अगं, जाहिरात हुती ती!"

"मला ठावं हाय." आत्या एकेक शब्द जुळवत बोलली. "सकाळी डोळं उघडलं की... माझ्याकडं बघून हसायची. ह्या घरात... दुसरं कोण हसतंय?"

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. दूधवाला आज का आला नाही असं विचारावं तसं तिने विचारलं. मामा पलंगाच्या कडेला बसले. मी त्यांच्या रागाची वाट पाहिली, पण तो आला नाही. राग आला मला. ती बाई आत्याकडे बघून हसतच नव्हती. ती हायवेवरच्या मोटारींकडे बघून हसत होती, आत्या फक्त वाटेत पडली होती. आणि तेवढ्या उष्ट्या हसण्यावर माझ्या आत्याने महिनोन् महिने दिवस काढले होते, खाली आम्ही दोघे त्याच बाईला शिव्या घालत बसलो असताना. या रागाचं करायचं काय ते मला अजून कळलेलं नाही. चुना लावायला समोर भिंतही नव्हती.

पुढच्या रविवारी गेलो तर कात्री ओसरीवर तशीच पडलेली आणि पेपरची घडी न मोडलेली. मी माडीवर गेलो. मामांनी लाकडी खुर्ची खिडकीत ओढून घेतली होती आणि डोंगराकडे पाठ, आत्याकडे तोंड करून ते बसले होते. ते हसत होते. म्हणजे हसायचा प्रयत्न करत होते. इतक्या वर्षांच्या रागाने त्यांच्या चेहऱ्याला ती सवयच उरलेली नव्हती. दाढ दुखत असल्यासारखं तोंड झालं होतं, आणि ते तसंच ताणून धरायला त्यांना कष्ट पडत होते. मला पाहूनही त्यांनी ते सोडलं नाही.

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांची हलणारी तेवढी डावी बाजू हळूहळू वर गेली.

"सरका की ओ," ती म्हणाली. "डोंगर दिसंना."

मामा तसूभरही हलले नाहीत. तिच्याकडे बघत, जमेल तसं, हसत बसून राहिले.